घरचा फोन केबलवर नेताना: वाचकांचे प्रश्न

टीव्ही आणि इंटरनेट पुरवणाऱ्या केबल कंपन्या घरचा फोनही देऊ लागल्यापासून ‘जुनी लाइन सोडावी का?’ अशी पत्रं या सदराकडे सतत येतात. त्यांतले वारंवार विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. बिलाच्या हिशेबात आम्ही शिरलेलो नाही, कारण तो प्रत्येक घराचा वेगळा. एवढंच बघा की सांगितलेला दर किती महिन्यांपुरता आहे, मोडेमचं भाडं त्यात धरलंय का, आणि पुढे टीव्ही बंद केलात तर फोनचा दर तोच राहणार का.

प्रश्न: केबलवरचा फोन म्हणजे इंटरनेटवरचाच फोन ना? मग घरात कुणी सिनेमा लावला की आवाज तुटणार, हे ओघानं आलंच.

तसं होत नाही. निदान केबल कंपनीच्या स्वतःच्या फोनसेवेत तरी होऊ नये.

तांब्याच्या लाइनवर टेलिफोन केंद्रापासून घरापर्यंत दोन तारांची एक जोडी फक्त तुमच्यासाठी असते. केबलवर तशी वेगळी तार नसते. मोडेममध्येच बसवलेला एक भाग, ज्याला एमटीए म्हणतात, तुमचा आवाज आकड्यांत बदलतो आणि छोट्या पाकिटांत भरून पाठवतो. त्यासाठी बहुधा जी.७११ ही १९७२ सालची पद्धत वापरतात. सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. पाकिटांवरचे पत्ते वगैरे धरून हा आकडा दर दिशेला ८० ते ९० किलोबिटपर्यंत जातो. आजच्या जोडणीच्या मानानं हे किरकोळ आहे. जुनी डिजिटल टेलिफोन केंद्रंही आवाज याच पद्धतीनं पुढे पाठवत आली आहेत, त्यामुळे ‘केबलवर आवाजाचा दर्जा मुळातच कमी’ या तक्रारीत फारसा अर्थ नाही.

सिनेमाचं म्हणाल तर केबल मोडेमच्या डॉक्सिस या प्रमाणात १९९९ पासून, म्हणजे १.१ या आवृत्तीपासून, आवाजासाठी राखीव वेळ देण्याची सोय आहे. फोन उचलून कॉल सुरू झाला की कंपनीचं यंत्र तुमच्या मोडेमला ठरावीक अंतरानं, बहुधा दर २० मिलिसेकंदांनी, पाठवण्याची संधी न मागताच देत राहतं. घरात डाउनलोड किती का चालू असेना, ती जागा राखीव असते.

बाजारात मिळणारा वेगळा अडॅप्टर राउटरला जोडून दुसऱ्याच कंपनीची फोनसेवा घेतली तर मात्र गोष्ट वेगळी. त्याची पाकिटं बाकीच्या गर्दीतूनच वाट काढतात. तिथे राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्यावा लागतो आणि फोनच्या पाकिटांत फेरफार करणारी ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय चालू असेल तर बहुतेकदा ती बंद करावी लागते. त्या एका खटक्यापायी ‘मला ऐकू येतं, समोरच्याला नाही’ अशा कितीतरी तक्रारी होतात. पुढची उत्तरं मुख्यतः केबल कंपनीच्या सेवेबद्दल आहेत.

प्रश्न: लाइट गेली की फोन बंद पडतो असं ऐकलं. जुना फोन तर कधी बंद पडला नाही.

नव्या आणि जुन्या फोनमधला सगळ्यांत मोठा फरक हाच आहे, आणि विक्रेते नेमकं हेच घाईघाईनं उरकतात.

जुन्या फोनला वीज टेलिफोन केंद्रातून मिळते. फोन ठेवलेला असताना तारेवर साधारण ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि रिंग वाजवताना त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब चढतो. केंद्रात बॅटऱ्यांच्या मोठ्या रांगा आणि जनरेटर असतात. म्हणून अख्खा भाग अंधारात असला तरी तारेचा साधा फोन चालू राहतो. केबलवर गेल्यावर ही जबाबदारी मोडेमवर, म्हणजेच तुमच्या घरातल्या विजेवर येते.

यावर उपाय म्हणून काही मोडेममध्ये लिथियम-आयन बॅटरीसाठी खण असतो. नव्या, चांगल्या बॅटरीवर नुसता चालू राहिलेला फोन साधारण ८ तास टिकतो, सतत बोलत राहिलात तर त्याहून कमी. बॅटरीवर असताना बरेच मोडेम फक्त फोनचा भाग चालू ठेवतात आणि इंटरनेट, वायफाय बंद करतात. तो बिघाड समजू नका. आधी खण उघडून बॅटरी आहे का ते बघा, कारण अनेकदा मोडेम रिकाम्या खणासकट दिला जातो आणि बॅटरी वेगळी मागून घ्यावी लागते. तीही कायमची नसते. बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे गरम होत राहिलेल्या मोडेममधली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते आणि दिवा मात्र हिरवाच दिसत राहू शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी मोडेमची वीज काढून पंधरा मिनिटं कॉल चालू ठेवून पाहा. मध्येच तुटला तर बॅटरी बदला.

बॅटरीचा खण नसेल तर बाहेरचा यूपीएस लावता येतो. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. मोडेम १० वॅट घेत असेल तर कागदावर आठ तास निघतात, पण छोट्या यूपीएसमध्ये बॅटरीची वीज मेनच्या दाबाला चढवायची आणि मोडेमच्या अडॅप्टरनं ती पुन्हा उतरवायची, यात बरीच वीज वाया जाते. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास धरा. काही यूपीएस एवढ्या हलक्या भाराला ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून आपणहून बंद होतात. विकत घेण्याआधी हे विचारा. मोडेमचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल तर थेट १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस जास्त वेळ पुरतो. घेताना व्होल्ट, अँपिअर आणि पिनचं धन-ऋण मोडेमच्या लेबलाशी ताडून बघा. उलटी पिन गेली तर मोडेम जळू शकतो.

एवढं करूनही एक गोष्ट तुमच्या हाताबाहेर राहते. केबलच्या रस्त्यावरच्या ॲम्प्लिफायरांनाही वीज लागते. ती त्याच केबलमधून ६० ते ९० व्होल्टच्या दाबानं पाठवली जाते आणि ती पुरवणाऱ्या पेटीत स्वतःच्या बॅटऱ्या असतात. त्या काही तासच टिकतात. फक्त तुमच्या घरची लाइट गेली तर तुमची बॅटरी उपयोगी पडेल. पूर्ण भागाची वीज दिवसभर गेली, तर घरातला यूपीएस कितीही मोठा असला तरी डायल टोन जाईल. ‘तुमच्या पेट्यांत किती तासांची बॅटरी आहे?’ असा थेट प्रश्न कंपनीला विचारा. मोबाइल हा पर्याय आहेच, पण मोबाइलच्या टॉवरांनाही हेच दुखणं आहे.

शेवटचा मुद्दा हँडसेटचा. कॉर्डलेस फोनच्या तळालाही वीज लागते. मोडेम बॅटरीवर चालू असून कॉर्डलेस बंद असेल तर त्या बॅटरीचा काय उपयोग? तारेचा एक साधा फोन मोडेमला जोडलेलाच ठेवा.

प्रश्न: मग एका वाक्यात सांगा, केबलवर जावं की जाऊ नये?

जिथे लाइट क्वचित जाते, मोबाइल चांगला लागतो आणि फोन फक्त बोलण्यासाठी आहे, तिथे खुशाल जा. ज्या घरात एकट्या आजारी माणसाचा मदतीचा गजर, चोरीचा अलार्म किंवा लिफ्टमधला फोन त्या लाइनवर अवलंबून आहे, तिथे ती उपकरणं आधी दुसऱ्या मार्गावर नेऊन ती चालतात याची खात्री होईपर्यंत तांब्याची लाइन सोडू नका. बाकी सोयी-गैरसोयी दुय्यम.

प्रश्न: आमच्याकडे चोरीचा अलार्म लाइनवर आहे, आणि सासूबाईंच्या गळ्यात मदतीचं बटण असतं. कंपनीचा माणूस म्हणतो, ‘सगळं चालेल.’

चालेलही, पण जोडणी कशी केली त्यावर ते अवलंबून आहे, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

अलार्मची पेटी लाइनवर सगळ्यांच्या आधी असावी लागते. बाहेरची लाइन आधी पेटीत येते आणि तिथून घरातल्या फोनना जाते. गजर झाला की पेटी पुढचे सगळे फोन तोडून लाइन आपल्या ताब्यात घेते. घरात कुणी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला असला तरी तिला कॉल लावता येतो, तो यामुळेच. केबलवाला मोडेम आणून सर्वांत जवळच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये जोडून मोकळा होतो. आता आवाज उलट्या बाजूनं घरात शिरतो, अलार्मची पेटी नुसती एका फाट्यावर राहते आणि तिला लाइन ताब्यात घेता येत नाही. रोजच्या वापरात हे कळतच नाही. बरोबर क्रम असा: मोडेम, मग अलार्मची पेटी, मग पेटीतून परत येणारी तार घरातल्या सॉकेटना. गळ्यातल्या बटणाच्या यंत्रालाही हेच लागू; त्याच्या मागे दोन भोकं असतात, त्यांतल्या भिंतीकडच्या भोकात मोडेमची तार आणि दुसऱ्यात फोन.

दुसरी अडचण संकेताची. पेट्या बहुधा फोनच्या बटणांसारखे झटपट टोन पाठवून अलार्म कंपनीच्या नियंत्रण केंद्राला माहिती देतात. जी.७११ वर ते सहसा नीट पोचतात. आवाज दाबून छोटा करणाऱ्या पद्धतीवर, उदाहरणार्थ ८ किलोबिटच्या जी.७२९ वर, विस्कटतात.

तिसरी जरा लपलेली. लाइन तुटली तर तारेवरचा दाब जातो आणि पेटी ‘लाइन नाही’ म्हणून ओरडते. काही मोडेम मात्र बाहेरची केबल तुटली तरी घरातल्या तारेवर दाब देत राहतात, आणि पेटीला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून पेटी नियंत्रण केंद्राला रोज एक चाचणी-संकेत पाठवील अशी मांडणी करून घ्या, म्हणजे संकेत आला नाही की केंद्रालाच कळेल.

बदल झाल्यावर नियंत्रण केंद्राला फोन करून ‘चाचणी चालू आहे’ असं कळवा आणि तीन वेळा गजर करून पाहा: एकदा नेहमीच्या स्थितीत, एकदा रिसीव्हर उचलून ठेवून, एकदा मोडेमची वीज काढून. तिन्ही पोचले तरच ‘चालतं’ म्हणा. आमचं मत विचाराल तर सासूबाईंच्या बटणासाठी सिमकार्डवर चालणारं यंत्रच घ्यावं. मोडेम, बॅटरी, केबल, रस्त्यावरची पेटी एवढ्या साखळीवर ते टांगून ठेवू नये.

प्रश्न: मोडेम एका खोलीत आणि फोनची सॉकेट चार खोल्यांत. ती निरुपयोगी होणार का?

नाही. घरातली जुनी वायरिंग तशीच वापरता येते, फक्त आधी ती बाहेरच्या तांब्याच्या लाइनपासून पूर्ण सुटी करावी लागते. हे न करता मोडेम जोडला तर बाहेरून येणारे ४८ व्होल्ट, आणि कधी रिंगचे ९० व्होल्ट, उलटे मोडेमच्या फोनच्या भागात घुसतात आणि तो भाग जातो. ‘जुनी लाइन बंद केली, डायल टोन येत नाही’ एवढ्यावर विसंबू नका. सेवा बंद झाल्यावरही तारेवर दाब राहू शकतो.

नंबर नव्या कंपनीकडे पूर्ण गेल्यावर, बाहेरची जोडी घरात जिथे शिरते ती पेटी शोधा. काही पेट्यांत आत एक छोटी फोनची पिन असते; ती उपसली की घर सुटं होतं. नसेल तर स्क्रूखालच्या बाहेरून आलेल्या दोन तारा सोडवा आणि प्रत्येकीला स्वतंत्र चिकटपट्टी गुंडाळा. कापू नका, कधीतरी परत लागतील. पेटीवर ‘आत केबलचा फोन आहे, बाहेरची लाइन जोडू नये’ अशी चिठ्ठी लावा. नाहीतर पुढे एखादा लाइनमन चांगुलपणानं ती जोडून जाईल. पेटी सामायिक इमारतीत आणि कंपनीच्या कुलपात असेल तर हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

मग सगळे फोन काढून ठेवा आणि मल्टिमीटर डीसीच्या २०० व्होल्टच्या पट्ट्यावर लावून कुठल्याही एका सॉकेटच्या मधल्या दोन टोकांवर मोजा. शून्य यायला हवं. ४८ च्या आसपास काही दिसलं तर जोड अजून सुटलेला नाही. नुसत्या हातानं तारा चाचपू नका. नेमकी तेव्हाच रिंग आली तर चांगलाच झटका बसतो. शून्य आलं की मोडेमवरच्या फोनच्या पहिल्या भोकातून साधी फोनची तार जवळच्या भिंतीतल्या सॉकेटला द्या. मोडेमजवळही फोन हवा असेल तर तिथे एकाचे दोन करणारा जोड लावा. पूर्वी त्याच लाइनवर डीएसएल, म्हणजे तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट होतं तर फोनमागचे छोटे फिल्टर काढून टाका. त्यांचं आता काही काम नाही, आणि जुनाट फिल्टर आवाज मंद करतात.

फोन एकेक करून लावा. मोडेममध्ये थेट लावल्यावर डायल टोन येतो आणि भिंतीतून येत नाही, तर दोष घरातल्या तारांत आहे. ओल लागलेलं एखादं सॉकेट दोन तारांमध्ये गळती करतं, मोडेमला वाटतं रिसीव्हर उचललेला आहे, आणि लोकांना तुमचा फोन कायम ‘व्यस्त’ लागतो. असं झालं तर सॉकेट एकेक सोडवत जा.

घंटा किती वाजतील यालाही मर्यादा आहे. प्रत्येक फोनच्या तळाशी ‘आरईएन’ हा आकडा, म्हणजे त्याच्या घंटेचा लाइनवरचा भार, असतो. जुन्या घंटीच्या फोनचा साधारण १, इलेक्ट्रॉनिक फोनचा त्याहून बराच कमी. बेरीज मोडेमच्या मर्यादेत हवी. अनेक मोडेमची ती ५ असते, काहींची त्याहून कमी. बेरीज वाढली की घंटा कुजबुजते किंवा वाजतच नाही, पण बोलणं ठीक चालतं. अशा वेळी एक फोन काढून बघा.

खरं तर या खटाटोपापेक्षा एक तळ आणि चार-पाच हँडसेट असा डेक्ट कॉर्डलेस संच मोडेमला जोडणं कितीतरी सोपं. वायरिंगला हात लावायची गरजच उरत नाही. तो तळ मोडेमपासून मीटरभर दूर ठेवा.

प्रश्न: केबलचा फोन घेतल्यापासून आवाज घोगरा येतो, मध्येच शब्द गळतात, कधी माझाच आवाज परत ऐकू येतो. कंपनी म्हणते, ‘मोडेम बंद-चालू करा.’

आधी बघा, त्रास कुणाला होतोय. तुम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येतो आणि त्याला तुमचे शब्द तुटक येतात, तर दोष घराकडून बाहेर जाणाऱ्या दिशेत आहे. केबलवर ही दिशा ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या खालच्या पट्ट्यात चालते, ज्याची वरची मर्यादा जुन्या जाळ्यांत ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झ असते. मोटारी, स्वस्त चार्जर, शॉर्टवेव्ह रेडिओ यांचा सगळा कचरा नेमका इथेच असतो आणि तो सैल जोडांतून केबलमध्ये शिरतो. म्हणून इंटरनेट जोरात चालूनही फोन रडतो. इंटरनेटवर हरवलेलं पाकीट पुन्हा मागवता येतं, पण बोलताना तेवढा वेळ नसतो. पाकिटं एक टक्क्याहून जास्त गळू लागली की कानाला जाणवतं.

संगणकावर १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडला तर बहुतेक केबल मोडेम आपली अवस्था दाखवतात. आत येणाऱ्या संकेताची पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (हे संकेताच्या जोराचं माप) दरम्यान आणि एसएनआर, म्हणजे संकेत गोंगाटापेक्षा किती वरचढ आहे तो आकडा, ३३ डेसिबेलच्या वर असावा. बाहेर जाणारी पातळी साधारण ३५ ते ४९. ही वरच्या टोकाला टेकली असेल तर मोडेमला केबल कंपनीच्या केंद्रापर्यंत पोचायला ओरडावं लागतंय, असं समजा. त्याच पानावरच्या नोंदींत ‘टी-३ टाइमआउट’ वारंवार दिसत असेल तर बाहेर जाणाऱ्या दिशेचीच अडचण पक्की. मोडेमनं हाक मारली आणि केंद्राचं उत्तर आलं नाही, एवढाच त्या नोंदीचा अर्थ.

कारण बहुधा स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे अनेक फाटे करणारा जोड. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डेसिबेल खातो, चार तोंडांचा सात. एकामागे एक तीन लावले तर मोडेमपर्यंत काय उरणार? घरात केबल शिरते तिथे दोन तोंडांचा एकच चांगला स्प्लिटर लावा. एक तोंड थेट मोडेमला, दुसरं टीव्हींच्या फाट्यांना. मोकळ्या तोंडांवर ७५ ओहमच्या टोप्या बसवा. कनेक्टर हातानं घट्ट करून वर पान्यानं किंचित, आठव्या हिश्श्याचा फेरा द्या. आतली मधली तार कनेक्टरच्या कडेपासून थोडी बाहेर यायला हवी. आखूड असेल किंवा तिच्याभोवती केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार आली असेल तर कनेक्टर नव्यानं बसवा. केबल आरजी-६ असावी. जुनी बारीक आरजी-५९ लांब अंतरावर संकेत गिळते. टीव्हीसाठी घातलेला जुना ॲम्प्लिफायर बाहेर जाणारी दिशा अडवतो का, हेही बघा. दोन्ही दिशांना जाऊ देणारा नसेल तर काढा. एवढं करूनही आकडे सुधारत नसतील तर दोष बाहेर आहे. ते आकडे कागदावर लिहूनच तंत्रज्ञाला बोलवा, म्हणजे ‘बंद-चालू करा’चा घोष थांबतो.

प्रतिध्वनीची गंमत अशी की तुम्हाला तुमचा आवाज परत ऐकू येत असेल तर तो बहुधा समोरच्या टोकाला उलटतो. ठरावीक नंबरांवरच होत असेल तर तुमच्या घरात काही करू नका. लोकांना त्यांचा आवाज परत येतो अशी तक्रार असेल, तर तुमचा स्पीकरफोन किंवा घरातली वायरिंग तपासा. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं जी.११४ सांगतं. त्याहून फार वाढला की दोघं एकाच वेळी बोलू लागतात.

प्रश्न: फॅक्स?

एक-दोन पानं जातील, वीस पानं अडखळतील. फॅक्स यंत्रात वेग ९६०० वर आणा आणि चूकदुरुस्ती, म्हणजे ईसीएम, बंद करा. पाकीट गळलं तर पानावर एखादी रेघ उमटेल, पण कॉल तुटणार नाही. कंपनी टी.३८ ही पद्धत देते का ते विचारा. ती खास इंटरनेटच्या पाकिटांतून फॅक्स पाठवण्यासाठीच आहे. रोज फॅक्स लागतो त्यांनी यापेक्षा ऑनलाइन फॅक्ससेवा घ्यावी.

प्रश्न: तबकडीचा जुना फोन अजून धडधाकट आहे.

येणारे कॉल त्यावर घेता येतील, घंटाही वाजेल. तबकडी मात्र सेकंदाला सुमारे दहा वेळा लाइन तोडून-जोडून आकडा कळवते, आणि ही भाषा बऱ्याच मोडेमना येत नाही. तबकडीच्या ठोक्यांचे टोन करून देणारा छोटा जोड मधे लावला की प्रश्न मिटतो.

प्रश्न: तातडीच्या मदतीचा नंबर लावला तर पत्ता आपोआप जातो का?

जातो तो नोंदवलेला पत्ता, प्रत्यक्षातला नाही. तांब्याच्या जोडीचं टोक ठरलेल्या घरात असतं. मोडेम किंवा अडॅप्टर मात्र पिशवीत घालून कुठेही नेता येतो. घर बदललंत, मजला बदललात तर कंपनीकडे पत्ता आधी बदला आणि मग मोडेम लावा. खात्री करायला तातडीचा नंबर उगाच लावू नका. खात्याच्या पानावर किंवा ग्राहकसेवेकडे नोंद तपासा. फोनच्या बाजूला घरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवला तर पाहुण्यांना आणि घाबरलेल्या माणसाला सांगता येतो.

प्रश्न: नंबर तोच ठेवायचा आहे. जुनी लाइन आधी बंद करू का?

अजिबात नाही. लाइन बंद केलीत की नंबर तुमचा राहत नाही, आणि जो नंबर चालू नाही तो दुसरीकडे नेता येत नाही. जुनी कंपनी नव्या कंपनीच्या मागणीवर नंबर सोडते आणि बहुधा त्या नंबरची सेवा त्याबरोबर संपते. तरी पुढचं बिल नीट बघा, आणि त्या लाइनवर डीएसएल किंवा दुसरा नंबर असेल तर त्याचं काय होणार ते वेगळं विचारा. डीएसएल त्याच जोडीवर असेल तर नंबर जाताच तेही बंद पडतं. म्हणून केबलचं इंटरनेट आधी चालू करून घ्या, नंबर मागाहून हलवा.

अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण नाव-पत्त्यातला फरक. जुन्या बिलावर नाव, खाते क्रमांक आणि पत्ता जसा छापलाय तसाच लिहा. लाइन दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर ती आधी जुन्या कंपनीकडे आपल्या नावावर करून घ्यावी. खात्यावर नंबर न हलवण्याचं कुलूप घातलेलं असेल तर ते काढायला सांगा. व्हॉइसमेलमधले जपून ठेवलेले निरोप नंबरासोबत येत नाहीत; हवे ते आधी उतरवून घ्या.

बदलाच्या दिवशी काही तास गोंधळ होतो. नव्या फोनवरून बाहेर कॉल लागतात, पण येणारे कॉल काही कंपन्यांकडून जुन्या लाइनवर, काहींकडून नव्या लाइनवर पोचतात, कारण नंबराची नवी जागा सगळ्या जाळ्यांना एकाच क्षणी कळत नाही. तोवर दोन्ही फोन लावलेले ठेवा, पण एकाच वायरिंगवर नव्हे: जुना भिंतीतल्या सॉकेटवर आणि नवा थेट मोडेमला. जुना फोन गप्प झाल्यावर एका मोबाइलवरून, दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून आणि एका घरगुती फोनवरून कॉल करून बघा. परदेशातून नियमित फोन येत असेल तर तोही एकदा मागवा. एखाद्याच जाळ्यातून कॉल येत नसेल तर त्या कॉलची वेळ आणि लावणाऱ्याचा नंबर लिहून नव्या कंपनीला कळवा. जुनीकडे जाऊन उपयोग नाही. हे सगळं जमल्यावरच वर सांगितल्याप्रमाणे बाहेरची तार सोडवायला घ्या.